डबा हलला

जानेवारीतल्या त्या रात्री मला जाग आली ती थंडीने नव्हे, डबा हलल्याने. मागे टेकू लावलेले असले तरी स्प्रिंगच्या पाट्यांवर उभी असलेली गाडी माणूस चढता-उतरताना थोडी डोलतेच, आणि कोण उतरले हे त्या डोलण्यावरून ओळखता येते. माझा मुलगा उतरतो तेव्हा डबा दचकतो. अण्णा उतरतात तेव्हा आधी एक पाय, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा पाय आणि शेवटी ओझे उतरल्यासारखा एक लांब हेलकावा. खिडकीची काच आमच्या श्वासाने आतून धुरकटली होती. ती तळव्याने पुसून मी बाहेर पाहिले, तर चौऱ्याहत्तर वर्षांचे माझे वडील कानटोपी घालून, हातात बॅटरी घेऊन कोयना धरणाच्या फुगवट्याच्या काठाकडे निघाले होते. लघवीला गेले असतील असे वाटून मी नजर काढणार, तोच ते पाण्याच्या अगदी कडेला उकिडवे बसले. त्यांनी खाली पडलेली एक काडी उचलली, पाणी जिथे संपत होते बरोबर तिथे ती चिखलात रोवली, तिच्यावर क्षणभर उजेड धरला आणि परत आले. मी डोळे मिटून घेतले. ते आडवे झाले आणि थोड्याच वेळात घोरू लागले.

ही काडी कशाची, हे हरिपूरच्या माणसाला सांगावे लागत नाही.

कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात तिथे आमचे गाव. पावसाळ्यात आमच्याकडे घड्याळ दोन आकड्यांवर चालते: कोयनेतून विसर्ग किती आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आम्हा मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. पण आकडे बातम्यांतून येतात, आणि रात्री दोन वाजता बातम्या देणारा कोणी नसतो. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी आलेल्या पाण्याच्या कडेला कोणीतरी काडी रोवतो. तासाभराने काडी पाण्यात गेली असेल तर माणसे उठवायची, जनावरे सोडायची, हळदीची पोती माळ्यावर टाकायची. काडी कोरडी राहिली तर आणखी एक तास झोपायचे. 2005 मध्ये अण्णांनी रोवलेली एक काडी मला आठवते. ती पाण्यात गेली तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते घरात येऊन आईच्या हातातला कप काढून घेऊन खाली ठेवला. त्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि जमिनीच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त साठवलेली हळद कुजली. त्या वासाची आठवण मी इथे थांबवते, कारण तो वास एकदा सुरू झाला की लेख त्याचाच होऊन जातो.

परंतु कोयनेच्या फुगवट्यावरच्या बामणोलीच्या काठावर, जानेवारीत, निरभ्र आकाशाखाली, धरणाचे पाणी दिवसागणिक उतरत असताना ही काडी कशाला? आणि तीही ज्या घराला चाके आहेत अशा घरातून उठून?

डबा अण्णांनी 1994 साली एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतला. सर्वेक्षणाच्या कामावर जाणाऱ्या लोकांना रानात राहण्यासाठी बनवलेला तो दोन चाकांचा ट्रेलर होता. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत समोरासमोर दोन बाकडी, मध्ये घडीचे टेबल, एका कोपऱ्यात स्टोव्ह ठेवायचा कट्टा आणि दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात खात्याचा नंबर. अण्णा तेव्हा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रवासाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्या प्रवासाची अशी उबळ यावी, यात नवल नाही. एका नातेवाइकाच्या ट्रॅक्टरला जोडून त्यांनी तो वाजतगाजत घरी आणला आणि जांभळीखाली उभा केला. आईने भाकरी थापता थापता दारातून एकदा पाहिले आणि म्हणाली, "एवढा मोठा डबा, आणि आत काय?" तेव्हापासून तो डबा.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, आम्ही त्यातून कोकणात जाणार होतो. गाद्या भरल्या, शेव-चिवडा भरला, रॉकेलचा कॅन भरला, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी आजी मोरीत पडली. गाद्या उतरवल्या. पुढच्या वर्षी जाऊ, असे ठरले. पुढच्या वर्षी माझी दहावी, त्याच्या पुढच्या वर्षी भावाची, नंतर घराचा स्लॅब. टायरांतली हवा कधी गेली ते कोणाच्या लक्षातही आले नाही. आईने हळूहळू डब्यात शिरकाव केला: आधी कांदे, मग हळदीचे बेणे, मग लग्नकार्यातली मोठी पातेली, शेवटी शेणी. मला मात्र तो उन्हाळ्याच्या दुपारचा आठवतो. तापलेल्या पत्र्याचा, रेक्झिनचा आणि कांद्याचा मिळून एक वास असे, आणि त्या वासात बाकड्यावर पालथे पडून मी झापडीच्या खिडकीच्या फटींतून जांभळीचा बुंधा बघत कुठेतरी जात असे. भाऊ ड्रायव्हर होई. तो रत्नागिरी आल्याचे जाहीर करी, आणि आई शेणी काढायला दार उघडी.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पातळीने 57 फूट ओलांडले. आम्ही सगळे मिरजेला माझ्या मावससासूंकडे होतो. जायच्या आधी घरातले जे हलवता येईल ते हलवले: म्हशी गेल्या, फ्रिज माळ्यावर गेला, कागदपत्रे पिशवीत गेली, आजीचा हार घातलेला फोटोसुद्धा गेला. सबंध अंगणात चाके असलेले एकच घर होते आणि तेच जागचे हलेना. अण्णांनी ट्रॅक्टर लावून पाहिला. हब गंजून बेअरिंग धरलेले, रिमा मातीत रुतलेल्या. तेव्हा त्यांनी म्हशीची साखळी डब्याच्या हुकात अडकवून तिचे दुसरे टोक जांभळीला बांधले आणि आम्ही निघालो.

पाणी ओसरल्यावर परत आलो, तर डब्याने पाठ फिरवली होती. आतली हवा कोंडून तो तरंगला असावा आणि साखळीच्या टोकाला दावणीच्या जनावरासारखा अर्धे वर्तुळ फिरून, तोंड नदीकडे करून कंपाउंडच्या पडक्या भिंतीवर एक चाक टेकवून बसला होता. घरात गुडघाभर गाळ, गादीतून पाणी ठिबकत होते, कोणाला हसू येण्यासारखे काही नव्हते. अण्णा डब्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "पंचवीस वर्षांनी हलला म्हणायचा." आई त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मला त्या वाक्यावर हसू आले होते, आणि हसल्याची लाजही वाटली होती. आजही दोन्ही तसेच आहे.

2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ती बातमी अण्णांनी कापून पाकिटात ठेवली. त्याच जुलैत पुन्हा पूर आला आणि ते कात्रण पाकिटासकट भिजले. तरीही पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी विषय काढला तेव्हा मी हो म्हटले, आणि कशाला हो म्हटले ते मला नीट सांगता येणार नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिच्या शेणी रिकाम्या करायचे काम कोणीतरी करायलाच हवे होते, एवढे खरे.

काम कुपवाडच्या एका मिस्त्रींकडे दिले. ते उसाच्या ट्रॉल्या बांधतात. पहिल्याच दिवशी त्यांनी बाहेरच्या पत्र्याचे रिव्हेट ड्रिलने उडवले, पत्रा कडेने सैल केला आणि म्हणाले, "ताई, जरा बाजूला व्हा." पत्रा निघाला आणि आतून गाळ सांडला. वाळून पिठासारखा मऊ झालेला, राखाडी, किंचित चमकणारा गाळ. उष्णता अडवायला भिंतीत भरलेली काचेची लोकर पुराच्या पाण्याने गच्च झाली होती. पाणी निघून गेले आणि कृष्णा तिथेच राहिली. वरून पाहता कोरडा दिसणारा डबा आतून पूरच घेऊन उभा होता. अण्णांनी तो गाळ सुपलीने गोळा करून दोन गोण्या भरल्या आणि घरी नेऊन कढीपत्त्याच्या आळ्यात टाकला. मी विचारले तर म्हणाले, "चांगली माती हाय."

दुरुस्तीची यादी देण्यात अर्थ नाही, पण काही गोष्टी माझ्या हातांनी शिकल्या म्हणून सांगते. जिथे ॲल्युमिनियमचा पत्रा थेट लोखंडी सांगाड्याला टेकला होता तिथेच दोन्ही धातू सर्वांत जास्त खाल्ले गेले होते. दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना भिडले की त्यातला ॲल्युमिनियम झिजू लागतो, आणि रंग उडालेले लोखंड तर ओलीने गंजतेच. म्हणून या वेळी सांगाड्याला रेड ऑक्साईडचे दोन हात दिले आणि पत्रा व लोखंड यांच्यामध्ये सगळीकडे रबराची पट्टी घातली. ती पट्टी कापून चिकटवायचे काम माझे. आठवडाभर माझ्या बोटांना सोल्युशनचा वास होता आणि शाळेतल्या मुली नाके उडवत होत्या. तळाचा प्लाय काढला तर तो पापडासारखा पदराने सुटला. तिथे मरीन प्लाय घातला आणि त्याच्या कापलेल्या कडा आधी रंगात बुडवून घेतल्या, कारण पाणी प्लायच्या तोंडावरून नव्हे, कडेवरून आत शिरते. हब मात्र अण्णांनी मिस्त्रींना हात लावू दिले नाहीत. तीन दिवस ते डिझेलमध्ये भिजत ठेवले, मग जुने बेअरिंग ठोकून काढले, नव्याच्या प्रत्येक रोलरमध्ये तळहातावर घेतलेले ग्रीस दाबून दाबून भरले. चाक चढवून त्यांनी ते एका बोटाने फिरवले. ते कितीतरी वेळ फिरत राहिले. आम्ही तिघे ते थांबेपर्यंत बघत उभे होतो.

भांडण झाले ते बॅटरीवरून. छतावर शंभर वॉटचे सोलर पॅनेल, आत बारा व्होल्टची बॅटरी, तीन दिवे, एक पंखा आणि मोबाईलचे चार्जिंग, एवढाच मामला. मिस्त्रींचे म्हणणे, बॅटरी जड, ती खाली, ॲक्सलजवळ हवी. वजन वर गेले की वळणावर गाडी कलते. त्यांचे म्हणणे बरोबर होते. अण्णांना मात्र बॅटरी छताखाली हवी होती. सांगलीत पुरानंतर ज्यांनी ज्यांनी घरे दुरुस्त केली त्यांनी मीटर, बोर्ड, इन्व्हर्टर सगळे माणसाच्या डोक्यावर चढवले आहे. काही घरांत दिवा लावायला स्टूल लागतो. "काका, ह्याला चाकं हायेत. पाणी आलं तर जायचं की पुढं," मिस्त्री म्हणाले. अण्णा म्हणाले, "चाकं तवाबी होती." त्यावर बोलण्यासारखे कोणाकडे काही उरले नाही. अखेर बॅटरी खाली राहिली, पण सगळी वायरिंग छतातून फिरवली आणि बॅटरीच्या खोक्याला दोन कड्या व वर एक हूक बसवला, म्हणजे वेळ आली तर ती उचलून टांगता यावी. बॅटरी टांगून बसायची वेळ येईपर्यंत आम्ही डब्यात काय करत असू, हे मी विचारले नाही.

मागे घ्यायला मला उसाच्या ट्रॅक्टरवरच्या एका पोराने शिकवले. बोलेरोला डबा जोडून मी अंगणात मागे घेत होते आणि दर वेळी डबा माझ्या मनाच्या उलट दिशेला जाऊन कोनात मोडत होता. तो पोरगा रस्त्यावरून दोन ट्रॉल्या घेऊन चालला होता. त्याने ट्रॅक्टर तिथेच रस्त्यात उभा केला, उतरला आणि म्हणाला, "म्याडम, ष्टेरिंग खालनं धरा. हात जिकडं न्याल तिकडं डबा जाणार." खालून धरले आणि गेला. हा माणूस भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडून कारखान्याच्या गर्दीत लीलया फिरवतो आणि त्याच्या या कसबाला कोणी कला म्हणत नाही, हे जाता जाता नोंदवते.

निघालो तेव्हा पाण्याचे तीन कॅन, गॅसचा छोटा सिलिंडर आणि मुलाची सायकल, सगळे मागच्या बाजूला ठेवले, कारण मागे जागा होती. पेठ नाक्याच्या पुढे महामार्गावर साठचा वेग घेतला आणि डबा शेपूट हलवू लागला. आधी वाटले वारा असेल. मग एक ट्रक शेजारून गेला आणि आरशात डब्याची डावी कड दिसली, लगेच उजवी, लगेच डावी. स्टिअरिंग माझ्या हातात होते, पण गाडी कोणीतरी मागून चालवत होते. अण्णा शांतपणे म्हणाले, "ब्रेक मारू नगंस. पाय काढ नुसता." पाय काढला, वेग उतरला, डोलणे थांबले. कडेला घेऊन आम्ही कॅन आणि सिलिंडर पुढच्या बाजूला हलवले. हुकावर डब्याच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी दाबून बसला पाहिजे, हे मिस्त्रींनी दोनदा सांगितले होते. अण्णा इतके स्वस्थ कसे राहिले याचे मला त्या वेळी कौतुक वाटले; रात्री काडी पाहिल्यावर ते कौतुक कुठे ठेवावे ते कळेना.

कऱ्हाड गेले, सातारा गेले. यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. फुलांचा हंगाम सरलेले कासचे पठार गवताने पिवळे पडले होते, त्यावर एकही मोटार नव्हती, आणि त्या रिकामेपणात आमचा पांढरा डबा आरशात फार मोठा दिसत होता. बामणोलीच्या अलीकडे ज्यांच्या शेतात मुक्काम ठरवला होता ते दादा वाट पाहत उभे होते. त्यांनी डब्याला एक फेरी मारली, दार उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "बरं हाय की. आमच्या आज्याला असला डबा असता तर गाव उठलं तवा कामी आला असता."

कोयनेचे पाणी साठ वर्षांमागे भरले तेव्हा त्यांचे जुने गाव आणि भाताची खाचरे त्याखाली गेली. भाऊबंदांतले कोणी सोलापूरकडे गेले, कोणी रायगडकडे, आणि त्यांचे घर डोंगरावर सरकून तिथेच राहिले. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी उतरू लागले की जुन्या जमिनीचा वरचा तुकडा उघडा पडतो आणि ते त्यात गाळपेर करतात. हे सांगताना त्यांनी पाण्याकडे असे बोट दाखवले, जसे आपण शेजारच्या वावराकडे दाखवतो. अण्णा आणि ते बराच वेळ बोलत बसले होते. दोघे एकाच पाण्याचे, पण विरुद्ध टोकांचे. 105 टीएमसीच्या या साठ्याचे दरवाजे उघडले की आमचे घर बुडते, आणि ते मिटले की यांची जमीन बुडते. यावर काही तरी बोलले जाईल असे मला वाटत होते. ते बोलत होते पायऱ्या कुठल्या लाकडाच्या केल्या यावर.

रात्री चुलीवर पिठले केले. मुलाने वरचे बाकडे पटकावले. दिवा मालवल्यावर डब्यात नव्या प्लायचा आणि रंगाचा वास होता, आणि मी जुन्या वासासाठी नाक ताणत होते. कांद्याचा तरी यावा. आला नाही. रबराच्या पट्ट्या, सिलिकॉन, सगळे चोख बसले होते. आईला आत यायला एकही फट आम्ही ठेवली नव्हती. खालच्या बाकड्यावर अण्णा कूस बदलत होते. बाहेर पाणी काठाला लागून बारीक आवाज करत होते, मांजर दूध पिते तसा. मला तो आवाज गोड वाटला आणि मी झोपले.

पुढचे सांगितलेच आहे.

सकाळी मी उठले तेव्हा अण्णा काठावरच होते. काडी कोरड्यात उभी होती. पाणी तिच्यापासून वीतभर मागे सरकले होते आणि मधल्या ओल्या चिखलावर बगळ्याची पावले उमटली होती. "उतरलं?" मी विचारले. "वीतभर. रातीत," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे, त्यांनी हिशेब मांडला: यातले बरेचसे बोगद्यातून पोफळीला गेले असेल विजेसाठी, तिथून वाशिष्ठीत, समुद्रात, थोडे पायथ्याच्या वीजगृहातून आपल्याकडे, टेंभू-ताकारी-म्हैसाळच्या पंपांना. "आता गेलं तर पिकाला जातंय," ते म्हणाले. "आता भ्या नाही."

मग काडी का रोवली, हे मी विचारू शकले असते.

तेवढ्यात दादा चहाचे सामान घेऊन आले. चूल पेटवायला त्यांनी काठाकाठाने काटक्या वेचल्या, आणि वेचता वेचता सहज ती काडीही उपटून मुठीत घेतली. ओल्या टोकाकडून ती बराच वेळ नुसती धुमसली. अण्णा पाहत होते. चहा झाला, आम्ही प्यायलो, मुलगा सायकलवरून पडला, ऊन वर आले. संध्याकाळी मी भांडी घासायला काठावर गेले तर नव्या कडेला नवी काडी होती, आणि या वेळी तिच्या शेंड्याला मुलाच्या वहीच्या पानाचा एक चिटोरा खोचलेला होता. त्यावर त्याच्या अक्षरात वेळ लिहिली होती: 5 वाजून 40 मिनिटे.

यंदाचा पावसाळा अजून दीड महिना लांब आहे. डबा जांभळीखाली आहे, पण तोंड रस्त्याकडे. दर रविवारी अण्णा टायरांची हवा बघतात आणि मुलाला हाताशी घेऊन डबा हातभर पुढे, हातभर मागे ढकलतात, बेअरिंग एका जागी बसू नये म्हणून. काल मी शेणी रचायच्या त्या जुन्या कोपऱ्यात एक पिशवी ठेवलेली पाहिली. आत चार कांदे होते. कोणी ठेवले ते मी विचारले नाही. दार लावून घेतले.